म्हैस अडली

‘इंग्रजीत कर की लेका, पोरं तेवढीच इंग्रजी शिकतील.’ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या एका मित्राचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

माझी ताई लोह्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. चौथीच्या पोरांसाठी तिला शब्दांचा खेळ हवा होता. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला जनावरांचा बाजार, समोर चित्र आणि खाली दोन-तीन शब्द. शुद्ध लिहिलेला तेवढा ओळखायचा. शाळेतले कॉम्प्युटर जुन्या विंडोजचे, एक लिनक्सवाला. दोन्हीकडे चालेल अशी ग्राफिक्स लायब्ररी म्हणून रेलिब घेतली. रामोन सांतामारिया यांनी 2013 साली बार्सिलोनात, कधी एक ओळ कोड न लिहिलेल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ती सुरू केली. मूळ सीमध्ये, पण 70 हून जास्त भाषांची बाइंडिंग्ज. मला पायथन येतं, म्हणून पायथनचं घेतलं. इथपर्यंत सगळं सरळ.

पडद्यावर आधी नुसती प्रश्नचिन्हं आली. ते समजण्यासारखं होतं: फॉन्टमधली कोणती अक्षरं लागतील हे न सांगितल्यास रेलिब फक्त इंग्रजी अक्षरं उचलते. देवनागरीचा पट्टा दिला आणि घोडा, उंट, गाढव, बैल झोकात आले. मग म्हैस अडली. म-ला पाय मोडलेला आणि शेजारी ‘है’ वेगळाच. ‘किंमत’ आणली तर पहिली वेलांटी क-च्या पुढे जाऊन म-ला चिकटली. ताई म्हणाली, ‘अरे, हीच वेलांटी चुकली म्हणून मी पोरांना दहादा लिहायला लावते, अन् तुझा कॉम्प्युटरच चुकवतोय!’

मित्राला फोन केला. तो म्हणाला, पायथनचं बाइंडिंग टाकाऊ आहे, गोचं घे. घेतलं, वेलांटी तिथंच. मग सी शार्प घे. तेही घेतलं. कोणतं वेगवान, कोणतं कोण सांभाळतं, कशात टायपिंग कमी, यावर तो तासभर बोलू शकतो. पण बाइंडिंग म्हणजे शेवटी त्याच सीच्या फंक्शनला दुसऱ्या भाषेतून मारलेली हाक. खाली जे नाही ते वरून कुठून येणार?

आणि खाली काय नाही, तर शेपिंग. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम साठवलेला असतो. दाखवताना वेलांटी अलीकडे आणायची, म आणि ह जोडायचे, ‘विद्यार्थी’तला रफार उडवून डोक्यावर बसवायचा, हे काम हार्फबझसारखा वेगळा कोड करतो. रेलिब एकेका क्रमांकाचं एकेक चित्र उचलून ओळीनं मांडते. जोडाक्षरांना क्रमांकच नाहीत; ती फॉन्टच्या पोटात असतात आणि नियमानंच बाहेर येतात. हे सगळं मित्राला सांगितलं, तेव्हा त्याचं ते सुरुवातीचं वाक्य आलं.

शेवटी क्यूट (Qt) ही लायब्ररी घेतली, तिला हे पोटातूनच येतं. तिच्यातही पायथनसाठी दोन बाइंडिंग्ज: पायक्यूटला जीपीएल परवाना किंवा पैसे, पायसाइडला त्याहून सैल एलजीपीएल. शाळांना फुकट वाटायचं म्हणून मी पायसाइड घेतलं. क्यूट 6 ला विंडोज 10 लागतं, म्हणून 5 वर थांबलो. म्हैस आली, किंमत आली. तरी ताईनं ‘ल’ बघून नाक मुरडलं: ‘हा हिंदीतला.’ मग मराठी वळणाचे ल आणि श असलेला फॉन्ट शोधावा लागला.

कुणी विचारलं तर मी सांगतो, भाषा नंतर निवडा, आधी ‘विद्यार्थ्यांनी’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पडद्यावर छापून बघा. ‘लोहा’ छापून भुलू नका, तो कशातही बरोबर येतो. पायगेम-सीई या पायथनच्या खेळ-लायब्ररीत आता लिपी सांगायची सोय आहे, ‘Deva’ ही रोमनमधली चार अक्षरं द्यायची. तिथल्या माहितीत उदाहरण हिंदीचंच आहे, पण म्हशीला चालतं.

एवढं बोलून खरं सांगायचं तर क्यूट मला जड वाटते. खिडक्या, बटणं, सिग्नल, एका उंटाला पडद्यावर चालवायला केवढा पसारा! पुढचा खेळ मी पुन्हा रेलिबमध्येच घेतलाय. शब्दांची पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीतून, शेपिंगसाठी राक्म जोडून, आधीच चित्रं करून ठेवतो आणि घोड्याच्या चित्रासारखे चिकटवतो. मित्र याला जुगाड म्हणतो. म्हणू दे. ताईला फक्त शब्द बदलायचा झाला की मला फोन करावा लागतो, आणि ती रोज करते.