आडनाव : व्हायोलिन

पाश्चात्त्य संगीताचे पुस्तक उघडले की पहिल्या चार पानांतच आपल्यासारख्याची छाती दडपते. सोनाटा, कँटाटा, कॉन्चेर्टो! मी पडलो मराठीचा मास्तर. शब्द अडला की त्याचे घर शोधायची खोड. या शब्दांचे घर इटलीत. व्हेनिसला जायचा योग आला आणि त्यांचा रुबाब पार उतरला. सोनाटा म्हणजे वाजवलेले, कँटाटा म्हणजे गायिलेले. आपल्या गाण्याबजावण्याइतकेच घरगुती!

कॉन्चेर्टोची ओळख मात्र एका भिंतीपाशी झाली. सान मार्कोच्या चौकातून पाण्याच्या कडेने पूर्वेला चालत गेले की पिएताचे चर्च लागते. शेजारच्या बोळात १५४८ सालची एक शिळा आहे. ऐपत असून जे आईबाप पोटचे पोर येथे टाकून जातील, त्यांना शाप आणि धर्मबहिष्कार, असे तिच्यावर कोरले आहे.

येथे अनाथालय होते. मुलगे कामधंदा शिकून बाहेर पडत. मुली राहत, आणि त्यांच्यातल्या गुणी मुलींना संगीत शिकवीत. १७०३ साली अंतोनिओ विवाल्दी हा तरुण धर्मगुरू त्यांना व्हायोलिन शिकवू लागला. मुली जाळीआड बसून गात, वाजवीत आणि युरोपभरचे रसिक ऐकायला येत. आईबापांचाच पत्ता नाही, तेथे आडनाव कुठले? एक आना मारिया होती. तिला ‘व्हायोलिनवाली आना मारिया’ म्हणत. तिच्यासाठी विवाल्दीने कॉन्चेर्टो रचले.

कॉन्चेर्टो या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये पाहावे तर अर्थ ‘झुंजणे’. इटालियनमध्ये पाहावे तर ‘जुळवून घेणे’. पंडित वाद घालतात. विवाल्दीची रचना ऐकावी, तर दोन्ही अर्थ खरे वाटतात. सारा वाद्यमेळ आधी एक ठळक चाल वाजवतो. मग एकटे व्हायोलिन भरारी घेते. ते थांबले की मेळ त्या चालीकडे परततो. त्या चालीला म्हणतात रितोर्नेल्लो, म्हणजे छोटेसे परतणे. आपल्या ध्रुवपदाची ही बहीणच! फरक एवढाच, की मधल्या फेऱ्यांत ती बहुधा दुसऱ्याच सुराचा आधार घेऊन, कधी अर्धीमुर्धी येते. शेवटी मात्र मूळ सुरावर घरी पोचते.

अशा १२ कॉन्चेर्टोंचा विवाल्दीचा संग्रह १७११ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यांतले काही जर्मनीत बाखने ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी नव्याने बांधले. एका शहरातली रीत साऱ्या युरोपची झाली, ती अशी.

सध्याचे चर्च विवाल्दीने पाहिले नाही. ते पुरे होण्याआधीच, १७४१ साली, तो व्हिएन्नात वारला. त्याचे ‘चार ऋतू’ आता टेलिफोनवर ताटकळतानाही कानी पडतात. तेही चार कॉन्चेर्टोच, १७२५ साली छापलेले. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा क्षणभर थांबा. एकटीने पुढे निघायचे आणि मागून साऱ्याजणींनी घरचा सूर धरून ठेवायचा. ज्यांना घरच नव्हते, त्या मुलींनी ही रीत किती जीव लावून वाजवली असेल!