सातवा गडी

माझं आजोळ घारापुरीचं. मुंबईकर या बेटाला एलिफंटा म्हणतात आणि लेणी बघायला येतात. आम्हा भाचरांना लेण्यांचं फारसं अप्रूप नव्हतं. त्रिमूर्तीसमोर माना उंचावून उभे राहिलेले पाहुणे बघण्यातच जास्त मजा यायची. बेटावर खरं बघण्यासारखं काही असेल तर तो मामांचा कबड्डीचा संघ. तो फारसा कधी जिंकला नाही, तालुक्याच्या कुठल्या इतिहासात त्याची नोंद व्हायची नाही, आणि त्याचे सातही गडी एका वेळी एका जागी क्वचितच जमले.

बेटाची घडणच मुळी मैदानी खेळांच्या विरोधात आहे. दोन डोंगर, मध्ये दरी, कडेने चिखल आणि तिवरं. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं जागा मिळेल तिथे बसलेली. तिन्ही मिळून वस्ती हजार-बाराशेची. फुटबॉलचं मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. एवढी सपाटी घारापुरीवर करायची तर डोंगर खणावा लागेल, आणि तो एकदाच खणला गेला, तोही चौदा-पंधरा शतकांपूर्वी, देवासाठी. कबड्डीला 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद तुकडा पुरतो. फुटबॉलच्या एका मैदानात असे पन्नासहून जास्त तुकडे मावतील. भात कापून झालं की मामांच्या खाचरात तेवढी जागा मोकळी व्हायची. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. चेंडू नको, जाळी नको, बूट नकोत. लागतात ती माणसं, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

सराव सोमवारी व्हायचा. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे पायऱ्यांवरची दुकानं बंद, पर्यटकांच्या लाँच बंद, गाईडला काम नाही. बाकीचे सहा दिवस कोणी टोप्या विकतोय, कोणी काकड्या-कैऱ्या, कोणी धक्क्यावर दोर धरून उभा. संघातले दोघे-तिघे मासेमारीवर जायचे, आणि मासळीला सोमवार-मंगळवार कळत नाही. जो मुंबईत नोकरीला लागला तो महिन्यातून एकदा उगवणार. त्यामुळे सरावाला कधी चार, कधी पाच. सहा जमले की मामा खूश.

त्यात तीन गावांचं आपसातलं वैर. वैर हा शब्द मोठा झाला, पण मोराबंदरच्या गड्याने शेतबंदरच्या गड्याची घोट्यात पकड केली की तिची चर्चा पुढचे पंधरा दिवस विहिरीवर चालायची. बेटावरच्या बेटावर तीन संघ करून खेळायचं तर पाच-पाच जणांचे सामने व्हायचे, आणि ते उरणच्या कुठल्याही सामन्यापेक्षा जास्त चुरशीचे असायचे. मात्र होडी उरणच्या मोरा बंदराच्या दिशेने निघाली की हीच माणसं एकाच डब्यातली भाकरी वाटून खायची. मी दोन्ही बघितलंय. कुणी याला एकोपा म्हणेल. माझ्या मते तो नाइलाज होता, आणि नाइलाजाने बांधलेले संघ जास्त टिकतात.

उरण तालुक्यात तेव्हा भातकापणीनंतर गावोगाव कबड्डीचे सामने व्हायचे. रिकाम्या शेतात बांबूंना दिवे टांगायचे, कर्ण्यावरून गावातला एखादा बोलका माणूस रात्रभर सामना सांगायचा, आणि बायका-पोरं बांधावर गोधड्या घेऊन बसायची. घारापुरीचा संघ आला की लोक कौतुकाने बघत, कारण हे पाणी ओलांडून आलेले. पण नाव नोंदवायच्या टेबलापाशी हटकून खोळंबा व्हायचा. सहाच गडी. सातवा कोण? सातवा मी. माझं घर उरणला, म्हणजे बेटाचा मी नव्हे, आणि नियम असा की गडी गावचेच हवेत. टेबलामागचा माणूस मान हलवायचा. मामा पुढे व्हायचे आणि खास आगरी सुरात विचारायचे, "भाचा आपल्या घरचा नाय तं कोनाचा?" याला उत्तर देणं कुणाही आयोजकाला अवघड जायचं, कारण त्याच्या स्वतःच्या संघातही कुणाचा तरी जावई असायचाच.

अशा रीतीने मी घारापुरीचा सातवा गडी झालो. मला मध्ये, दोन दणकट गड्यांच्या हातात हात देऊन उभं करत. साखळी धरायची आणि सोडायची नाही, एवढंच माझं काम. चढाईला मला पाठवलं तर समजावं की आमचा लोण लागायची वेळ आलीय आणि मागे कोणी उरलेलं नाही. तेव्हा मामा बाहेरून ओरडायचे, "दम सोरू नको!" दम माझ्याकडे बेताचाच होता. मामांचा मात्र खास होता. खडकांवरची कालवं काढत, पाण्यात बुड्या मारत वाढलेला माणूस. चढाईला गेले की 'कबड्डी, कबड्डी'ची लय शेवटपर्यंत तशीच, आणि समोरचे सात जण वाट बघून कंटाळायचे. मग कोणीतरी उतावीळपणे पुढे यायचा आणि मामा त्याला मारून सावकाश मध्यरेषेकडे परतायचे. पुढे चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आली. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायलाच हवा, नाहीतर गडी बाद, हाही नियम आला. खेळ वेगवान झाला, बघायला चांगला झाला, यात शंका नाही. पण एका श्वासावर खेळणाऱ्या माणसाचं भांडवल घड्याळाने काढून घेतलं. नव्या नियमांनी काय कमावलं हे सगळे सांगतात. दर्यावरच्या लोकांनी त्यात काय गमावलं हे मला मामांच्या बाबतीत दिसलं.

सामना हरला की परत जायची घाई नसायची, कारण जाताच यायचं नाही. ओहोटीला उरणच्या मोरा बंदरात गाळ उघडा पडतो आणि होडी धक्क्याला लागत नाही. सगळा संघ आमच्या पडवीत आडवा व्हायचा. आई मध्यरात्री उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, जवळ्याचं सुकट परतायची. सात जणांना पुरेल म्हणून केलेलं दहा जणांत संपायचं, कारण हरलेल्या संघाचे पाठीराखे जास्त भुकेले असतात. भरतीची वेळ झाली की कुणीतरी उठून सगळ्यांना हलवायचं. त्या पडवीतल्या गप्पांमध्ये हरलेल्या सामन्याचे गुण हळूहळू वाढत जात आणि पहाटेपर्यंत आम्ही एका गुणाने हरलेलो असायचो.

1984 च्या जानेवारीत सामन्यांचा हंगाम ऐन भरात असायला हवा होता. न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते, आणि 16 व 17 जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या वर्षी चुन्याच्या रेघा कुणी ओढल्या नाहीत. त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं आणि ते राज्यभर उदाहरण म्हणून सांगितलं गेलं. मे 1989 मध्ये बंदर सुरू झालं. ज्या शेतांत आम्ही खेळलो त्यांतल्या काहींवर आज कंटेनर रचलेले आहेत. चाळीस फुटी कंटेनर सव्वाबारा मीटरला थोडा कमी लांब आणि अडीच मीटरला थोडा कमी रुंद असतो. चार कंटेनर शेजारी शेजारी ठेवले की जवळजवळ एक कबड्डीचं मैदान होतं. हा हिशेब मी एकदा रस्त्यात ट्रकांच्या रांगेत अडकलो असताना केला. तिथे दुसरं करण्यासारखं काही नसतं.

सामने बंद पडले नाहीत. शाळेच्या पटांगणात, देवळासमोर, मिळेल त्या भूखंडावर होत राहिले. बक्षिसाच्या रकमा वाढल्या. कंपन्यांचे आणि बँकांचे संघ मोठ्या स्पर्धांमध्ये उतरायचे आणि चांगल्या चढाईपटूला खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळायची. रायगडच्या पोरांना कबड्डीचं वेड लागायचं त्यात या नोकरीचा वाटा मोठा. घारापुरीच्या संघातल्या कुणाला अशी नोकरी लागल्याचं मला आठवत नाही. मी शिक्षक झालो, गुडघा दुखवून घेतला, आणि सातव्याची जागा रिकामी झाली. ती कधी फार दिवस तशी राहिली नाही. काही वर्षं एका लाँचवरचा खलाशी खेळला, मूळचा दापोलीकडचा. त्यानंतर आणखी एक भाचा. मग एकाचा मेहुणा, ज्याला पकड यायची नाही पण आवाज मोठा होता. सगळ्यांच्या वेळी टेबलापाशी तोच वाद झाला आणि मामांनी नातं जुळवून दिलं. खलाशाच्या वेळी त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण नाव नोंदलं गेलं.

गड्यांची अशी टंचाई दुसऱ्या बेटांवरही असते. इंग्लंडच्या नैऋत्येला सिली नावाची बेटं आहेत, वस्ती दोन हजारांच्या थोडी वर. तिथे फुटबॉलची लीग आहे आणि तिच्यात संघ दोनच, गॅरिसन गनर्स आणि वुलपॅक वाँडरर्स. हंगामभर हे दोघे एकमेकांशीच खेळतात, आणि हंगामाआधी दोन्ही कप्तान बसून गडी आळीपाळीने वाटून घेतात, म्हणजे कोणी एक फार वरचढ होऊ नये. नॉर्वेत लोफोटेनच्या बेटांवर हेनिंग्सवेअर नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. खडक सपाट करून त्यावर बसवलेल्या तिथल्या फुटबॉल मैदानाचं आकाशातून घेतलेलं छायाचित्र जगभर फिरलं. त्या मैदानाभोवती लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घालतात. ते चित्र मी मामेभावाला दाखवलं. मैदानाकडे न बघता तो म्हणाला, "वास येत असंल ना रं तिथं?" आपल्याकडे बोंबील वाळत असताना जवळ खेळलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार. मला मात्र हेवा वाटला तो अकरा जणांचा. बावीस माणसं रविवारी मोकळी असलेलं बेट!

फुटबॉल आमच्याकडेही आला होता. सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात व्हायची होती, नवी मुंबईतही सामने होते, म्हणून 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्य सरकारने दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा घाट घातला आणि शाळाशाळांत चेंडू वाटले. आमच्या शाळेत मुलं पावसाच्या चिखलात मनसोक्त लोळली. पुढे एका सुट्टीत मामेभावाच्या मुलाने एक चेंडू बेटावर नेला, स्वतःच्या पैशांनी घेतलेला. घारापुरीवर चेंडूला दोनच दिशा माहीत, खाली आणि आणखी खाली. एकदा तो पायऱ्यांवरून दुकानांच्या रांगेतून उतरत गेला. एकदा माकडाने धरला आणि खायचा नाही हे कळेपर्यंत सोडला नाही. शेवटी ओहोटीच्या पाण्याने त्याला नेलं. मुलं पुन्हा खाचरात आली.

प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा बेटावर वीज नव्हती. संध्याकाळी तीन तास जनरेटर चालायचा, साधारण सात ते दहा. रात्रीच्या दोन सामन्यांपैकी दुसरा संपायला आणि जनरेटर थांबायला एकच गाठ पडायची, आणि मुंबईच्या यू मुंबा संघाची शेवटची चढाई बऱ्याचदा अंधारात तर्काने पूर्ण करावी लागायची. पुढच्या वर्षी यू मुंबाने विजेतेपद मिळवलं. मामा तेव्हा थकले होते, पण टीव्हीसमोर बसायचे आणि मॅटवर बूट घालून खेळणाऱ्या गड्यांना मराठीत सूचना द्यायचे, गडी हरयाणाचा असो की इराणचा. 2018 च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. मामांना ती बघायला मिळाली. पहिल्या काही दिवसांत ते रात्री दहा वाजले की सवयीने कंदील शोधत.

आता न्हावा-शेवाकडे जाणारा अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो. जानेवारी 2024 मध्ये तो सुरू झाला. जवळजवळ 22 किलोमीटर लांब, आणि घारापुरीला कुठेही न टेकणारा. बेटाची बरीच मुलं नोकरीसाठी उलवे, पनवेलला राहतात. सातवा गडी हल्ली तिकडून येतो. मोऱ्यापर्यंत मोटारसायकल, पुढे होडी. म्हणजे आता बेटाचाच मुलगा बाहेरून येतो, आणि टेबलावर आधार कार्ड दाखवलं की त्यावर पत्ता उलव्याचा. मामेभाऊ आता मामांच्या जागी उभा राहून भांडतो. त्याला वडिलांसारखं एका वाक्यात भांडता येत नाही, तो कागद दाखवतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत मुलींचा संघ उभा राहिला आहे. महिलांचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, त्यामुळे खाचरात आणखी नीट बसतं. आणि या संघाला सातवी शोधावी लागत नाही. नियमित येणाऱ्या आठ जणी आहेत, तिन्ही गावांच्या. संघात राखीव धरून बारा जणी ठेवता येतात, तेव्हा तक्रारीचं कारण नव्हतं. पण मंडळाने इतकी वर्षं जर्सी सातच घेतल्या, कारण सातच्या वर कधी गरज पडली नाही. आठवी उरणच्या दुकानात घ्यावी लागली आणि तिचा निळा रंग फिका निघाला. ती कुणी घालायची यावरून सराव थांबला. मामेभावाने चिठ्ठ्या टाकल्या, मोराबंदरच्या मुलीचं नाव निघालं. तिचं म्हणणं, चिठ्ठ्या पुन्हा टाका, टाकणारा शेतबंदरचा आहे. परवा तिने मला फोन करून विचारलं की तुम्ही उरणचे, तुम्ही येऊन चिठ्ठ्या टाकाल का. शेतबंदरच्या मुलींनी लगेच हरकत घेतली आहे की मी त्यांच्याच गावचा भाचा असलो तरी मोराबंदरवाल्यांशी माझं जास्त जमतं. येत्या सोमवारी जायचं आहे. भरती कधी आहे ते बघून कळवतो, असं दोन्ही बाजूंना सांगितलंय.