गुडघे बदलण्याआधी

औंढ्याच्या नागनाथाचं लिंग जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं, वाकून, पायऱ्या उतरूनच गाभाऱ्यात जाता येतं. गुडघे गेलेत हे मला त्या पायऱ्यांनीच सांगितलं. वर येताना जेवढं दुखत नाही, तेवढं उतरताना दुखतं. सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो आणि पायरी उतरताना तोच साडेतीनपट होतो.

एक्स-रे बघून एका डॉक्टरांनी लगेच वाट्या बदलायला सांगितलं. मन मानेना, म्हणून नांदेडला दुसऱ्यांना दाखवलं. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मावशी, हात न टेकता खुर्चीतून उठा बरं." मला उठता आलं नाही. "मांडीत ताकदच नाही. आधी ती आणू."

व्यायाम साधाच होता. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून धरायची, मग सावकाश खाली आणायचा. सुरुवातीला फार दुखायचं, आणि फरक दिसायला काही महिने गेले. झिजलेली कूर्चा काही परत येत नाही, पण मांडीचा स्नायू बळकट झाला की धक्का तो झेलतो. वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो, हे ऐकल्यावर दुसऱ्यांदा भात वाढून घेणं मी आपणहून सोडलं. जास्त दुखतो माझा उजवा गुडघा, तरी काठी डाव्या हातात धरायची, हेही तिथेच शिकले. दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं मलम दिलं. त्याच्या गोळ्या मात्र रोज घ्यायच्या नाहीत, कारण मला बीपी आहे आणि मूत्रपिंडंही सांभाळायची आहेत. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडेच बरं वाटतं. वंगणाच्या महागड्या इंजेक्शनाचा भरवसा त्यांनी दिला नाही.

ऑपरेशन वाईट नाही. थोरल्या जाऊबाईंचे पाय वाकले होते, रात्रीची झोप उडाली होती. त्यांनी गुडघे बदलून घेतले ते योग्यच केलं. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीच्या प्रकाराला ५४,७२० रुपये आणि वर कर. दवाखान्याचा खर्च वेगळा. आता त्या मजेत चालतात, फक्त मांडी घालून बसत नाहीत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जन्मभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना "वय झालं" म्हणून गोळ्यांची पुडी देतात. मांडीचा व्यायाम कुणी शिकवत नाही, आणि त्याला तर पैसाही लागत नाही.