तिकिटावरचीं परकीं अक्षरें

टपालाचें तिकीट म्हणजे सरकारनें दिलेलें छोटेसें वचन. त्यावर दुसऱ्यानें अक्षर उमटवूं नये हा संकेत खासगी मंडळींनीं वारंवार मोडला आहे. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध वादविवाद-मंडळानें १८५९ पासून आपल्या तिकिटांवर स्वतःचीं आद्याक्षरें छापून घेतलीं. १८७० मध्यें ती चाल बंद पडली. पुढें छापाऐवजीं छिद्रें आलीं. पेढीचीं आद्याक्षरें बारीक भोंकांनीं तिकिटांत पाडावयाचीं, म्हणजे तें चोरून विकतां येऊं नये. मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांनींही हाच मार्ग धरला.

आम्ही एटापल्लीचे रहिवासी. हीं तिकिटें पाहतांना आम्हांस आलापल्लीच्या डेपोंतले सागवानी ओंडके आठवतात. त्यांवर जंगलखात्याचा हातोडा उमटतो तो अशाच हेतूनें. छाप मालावर असला तरी बोट माणसाकडे असतें. ज्या कारकुनाच्या स्वाधीन हिशेब आणि पत्रव्यवहार केला, त्याच्याच हातीं अर्ध्या आण्याचें तिकीट मात्र भोंकें पाडून द्यावयाचें! तथापि न्यायाची गोष्ट सांगावयाची तर, त्याच भोंकांनीं प्रामाणिक कारकुनाचेंही रक्षण केलें असेल. तिकिटें विकतांच येत नसलीं म्हणजे त्याजवर संशय घेण्याचें कारण उरत नाहीं.

१९४७ चे नमुने अगदीं निराळे. पाकिस्तानचा जन्म झाला तेव्हां त्याजपाशीं स्वतःचीं तिकिटें नव्हतीं. बादशहाच्या मुद्रेच्या हिंदी तिकिटांवर नव्या देशाचें नांव छापण्याचें काम आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यानें केलें, आणि तीं १ ऑक्टोबर १९४७ रोजीं निघालीं. तत्पूर्वीं ठिकठिकाणच्या पोस्टांनीं हातशिक्के चालविले. कांहीं खासगी लोकांनींही तें नांव आपल्या हातानें उमटविलें. त्या वांकड्यातिकड्या ठशांत संशय नाहीं, आपलेपणाची घाई आहे. मात्र त्याच वर्षीं लाखों माणसांचीं घरें सुटलीं, हें ते ठसे पाहतांना विसरवत नाहीं.

२०११ पासून आपलें टपालखातें ‘माय स्टॅम्प’ योजनेंत तिकिटाच्या शेजारीं नागरिकाचें छायाचित्र छापून देऊं लागलें. लग्नामुंजीच्या घरीं तें शोभतेंही. आमच्या वहींत मात्र पहिलें पान भोंकांच्या तिकिटासच आहे. तें उजेडाकडे धरलें कीं पेढीचें नांव स्वच्छ वाचतां येतें. ज्यानें तें पाकिटावर चिकटविलें त्याचें नांव कोठेंच नसतें.