एका मुक्त कोशाचा सांभाळ

मुक्त सॉफ्टवेअरविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात निर्मितीचे कौतुक पुष्कळ असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला, हे संगणकाच्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. परंतु एकदा निर्माण झालेल्या वस्तूची पुढे वर्षानुवर्षे देखभाल कोण करतो, तिच्याविषयीच्या तक्रारी कोण वाचतो आणि मूळ कर्ता बाजूला झाल्यावर तिचे दप्तर कोणाच्या हाती जाते, याची विचारपूस क्वचितच होते. नागपुरात राहून मी मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या अशाच एका लहान मुक्त कोशाचा सांभाळ करीत आलो आहे. मराठीसाठी या प्रकारचे काम यापूर्वी अनेकांनी केले आहे आणि आजही करीत आहेत. माझा वाटा त्यात अल्प आहे, परंतु सांभाळ म्हणजे काय याचा जो प्रत्यय मला आला तो नोंदवून ठेवावा असे मनापासून वाटते.

माझी नोकरी सिव्हिल लाइन्समधील एका सरकारी कचेरीत झाली. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी आमच्या शहरात भरते, आणि त्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि त्यांवरील उत्तरांचे मसुदे यांचा जो ओघ कचेऱ्यांतून सुरू होतो त्याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणे कठीण आहे. रात्री उशिरापर्यंत टंकलिखित होणारा हा सारा मजकूर मराठीत असे, आणि त्याची शुद्धाशुद्धता पाहण्यासाठी थकलेल्या डोळ्यांखेरीज दुसरे साधन नसे. युनिकोडपूर्व फॉन्टांच्या त्या काळात पडद्यावर दिसणारे मराठी अक्षर यंत्राच्या लेखी रोमन अक्षराचा संकेतच असे. केवळ त्यावर देवनागरी आकार चढविलेला असे, म्हणून एका कचेरीतील फाइल दुसरीत उघडली की अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. ज्या यंत्राला अक्षरच ओळखता येत नाही त्याने शब्द तपासावा ही अपेक्षाच व्यर्थ होती.

युनिकोड रुळल्यावर ही अडचण दूर झाली, आणि त्याच सुमारास भारतीय भाषांसाठी मुक्त सॉफ्टवेअरची पायाभरणी काही मंडळींनी चिकाटीने केली. इंडलिनक्स या प्रकल्पाने लिनक्सचा पडदा आपल्या भाषांत बोलका केला. रेड हॅट कंपनीने २००४ साली लोहित नावाचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि ते मूळ घडविले होते श्रीलिपीच्या कर्त्या, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने. ज्या संस्थेची अक्षरे कचेऱ्यांतून पैसे मोजून घ्यावी लागत, तिचीच अक्षरे कुणीही घ्यावीत, सुधारावीत आणि पुढे द्यावीत अशी मोकळी झाली, ही घटना मला आजही महत्त्वाची वाटते.

शब्द तपासण्याचे यंत्र मात्र हंगेरीतून आले. हनस्पेल हे लास्लो नेमेत यांनी आपल्या हंगेरियन भाषेच्या गरजेतून रचलेले साधन आज लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोम यांच्या पोटात बसलेले आहे. त्याचा कारभार दोन फाइलींवर चालतो: एकीत मूळ शब्द, दुसरीत त्यांना लागणाऱ्या प्रत्ययांचे नियम. हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय चिकटतात, म्हणून हे यंत्र शब्दाच्या शेवटून दोन थर उलगडू शकते. परंतु आपल्या ‘घरासमोरच्यांनाही’ या साध्या शब्दात सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, षष्ठीचा प्रत्यय, त्यावर पुन्हा द्वितीयेचा प्रत्यय आणि सर्वांच्या अखेरीस ‘ही’, इतके थर एकावर एक बसलेले असतात, आणि दोन थरांत ते बसवायचे तर मधल्या सगळ्या जोडण्या आधीच एकत्र करून लांबलचक याद्या सिद्ध कराव्या लागतात. माझ्या श्रमांचा फार मोठा भाग या याद्यांत गेला.

त्याहून कठीण प्रश्न ऱ्हस्वदीर्घाचा. शासनाने १९६२ साली मान्य केलेले आणि १९७२ साली पूर्ण झालेले जे अठरा नियम आज प्रमाण मानले जातात, ते मराठी साहित्य महामंडळाचे, आणि आमचा विदर्भ साहित्य संघ त्या महामंडळाच्या घटक संस्थांपैकी एक, याचा नागपूरकर म्हणून मला अभिमान आहे. त्या नियमांनुसार ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, ‘वकील’चे ‘वकिलाला’, ‘जमीन’चे ‘जमिनीला’. परंतु ‘शरीर’ तत्सम असल्यामुळे ‘शरीराला’ असेच राहते. ‘खीर’ची ‘खिरीला’ होते, ‘वीर’चे मात्र ‘वीराला’. आता यंत्राला दोन्ही शब्दांच्या अंगावर दीर्घ ईकार आणि पुढे ‘र’ एवढेच दिसते. कोणता शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि कोणता झिजून किंवा फारसी-अरबीतून आला, हे त्याला सांगणारे कोणतेही चिन्ह अक्षरांत नसते. नियम सैल ठेवला तर ‘विराला’ आणि ‘खीरीला’ ही दोन्ही रूपे बिनतक्रार मंजूर होतात, घट्ट केला तर शुद्ध शब्दांखालीही तांबडी रेघ उमटते. उपाय एकच: प्रत्येक शब्दापाशी थांबून, त्याचे कूळ पाहून, त्यावर माणसाने खूण करणे. या कामाला घाई चालत नाही आणि त्याचे श्रेयही कोठे दिसत नाही. परंतु कोश विश्वासार्ह होतो तो या खुणांमुळेच.

शब्द आणावेत कोठून, हाही विवेकाचा विषय होता. शब्द कोणाच्या मालकीचा नसला तरी परिश्रमाने सिद्ध केलेल्या संग्रहावर त्याच्या कर्त्याचा हक्क असू शकतो, म्हणून बाजारात विकला जाणारा कोश उचलून यंत्रात ओतणे हे मुक्त प्रकल्पाला शोभणारे नाही असे माझे ठाम मत आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती सर्वांना मोकळी आहे. तीत शब्द विपुल मिळतात, परंतु तिचे लेखन जुने, अनुस्वारांनी भरलेले, त्यामुळे प्रत्येक नोंद आजच्या नियमांत आणून घ्यावी लागते. उरलेले शब्द लोकांकडून आले, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे.

लोकांकडून आले म्हणजे तक्रारींच्या रूपाने आले. काटोलच्या एका शिक्षकांनी कळविले की संत्र्याच्या बागेविषयी लिहिताना निम्मा परिच्छेद तांबडा होतो. पारशिवनी, भिवापूर, कुही ही आमच्याच जिल्ह्यातील तालुक्यांची नावे कोशाला अनोळखी होती. पऱ्हाटी, तर्री, सावजी हे विदर्भातील नित्याचे शब्दही तसेच. प्रमाण मराठीच्या कोशात वैदर्भीय शब्दांना जागा द्यावी की नाही असा वाद कोणी घातला तेव्हा मी निःसंकोच सांगितले की नियम महामंडळाचे राहतील, परंतु शब्द मात्र साऱ्या महाराष्ट्राचे असले पाहिजेत.

सर्वांत चमत्कारिक तक्रार अकोल्याहून आली: ‘वऱ्हाड’ हा शब्द कोशात आहे, तरीही त्याच्याखाली रेघ येते. चौकशीअंती असे आढळले की त्यातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचे रूप तंतोतंत एकच, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. ‘ॲ’ची कथाही अशीच, हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले, तोपर्यंत ‘अ’वर चंद्र चढवून लोक काम भागवीत, आणि ती वहिवाट अद्याप मोडलेली नाही. येणारे अक्षर तपासणीपूर्वी एका ठरावीक रूपात बदलून घेण्याची सोय हनस्पेलमध्ये आहे. ती वापरल्यावर वऱ्हाड, भंडाऱ्याला, दुसऱ्या, वाऱ्यावर असे असंख्य शब्द एकाच वेळी सुटले. त्या अकोल्याच्या गृहस्थांना संगणकाचे शास्त्र अवगत नव्हते. त्यांनी केवळ आपल्या प्रदेशाच्या नावाखालची रेघ सहन केली नाही, आणि त्यामुळे हजारोंचे काम सोपे झाले.

मुक्त परवान्यात एक कलम असते की या वस्तूविषयी कोणतीही हमी दिलेली नाही. कायद्याच्या दृष्टीने मी त्या कलमाखाली सर्वस्वी निर्धास्त आहे. परंतु एखाद्या कचेरीतील लिपिक माझ्या कोशावर विसंबून आदेशाचा मसुदा वर पाठवितो हे ठाऊक झाल्यावर मन त्या कलमाच्या आड दडून राहू शकत नाही. हा भार वाहणारी माणसे जगभर आहेत आणि त्यांतील बहुतेक एकटी आहेत. फिनलंडचे लासे कोलिन हे एक्सझेड नावाचे, असंख्य संगणकांत नांदणारे लहानसे साधन विनावेतन सांभाळीत होते. प्रकृतीमुळे वेळ पुरत नाही असे त्यांनी सांगितले असता काही जणांनी त्यांच्यामागे तगादा लावला, आणि जिया टान या नावाने वावरणाऱ्या कोणा अज्ञाताने दोन वर्षांहून अधिक काळ सेवेचा देखावा करून त्यांचा विश्वास संपादन केला, कारभारात वाटा मिळविला आणि २०२४ च्या आरंभी त्या साधनात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले, त्याने तपास केला आणि २९ मार्च रोजी हे कारस्थान उघडकीस आले. कोलिन यांना दोष देणारे मला अन्यायी वाटतात. ज्यांनी फुकट मिळालेल्या वस्तूवर आपले व्यवहार उभे केले, त्यांपैकी कितीजणांनी तिच्या सांभाळकर्त्याची विचारपूस केली होती?

त्या घटनेनंतर मी माझ्या कोशाचा कारभार एकट्याच्या हाती न ठेवण्याचा निश्चय केला. वर्धा जिल्ह्यातील एक शिक्षिका बराच काळ दुरुस्त्या पाठवीत होत्या. त्यांच्या प्रत्येक दुरुस्तीसोबत आधार, नियम आणि उदाहरण असे. आम्ही प्रत्यक्ष भेटलो, सीताबर्डीवर एका उपाहारगृहात बसून प्रत्ययांच्या याद्या ओळीओळीने वाचल्या, आणि मग नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार मी त्यांनाही दिला. आता कोणतीही दुरुस्ती एकाने सुचवावी आणि दुसऱ्याने तपासल्यावाचून ती दाखल होऊ नये असा आमचा रिवाज आहे. वेग त्यामुळे मंदावला, परंतु एकमेकांना खुलासा द्यावा लागत असल्याने नियमांची कारणे प्रथमच लेखी झाली.

पुढील आवृत्तीसाठी त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील गावांची नावे हाती घेतली आहेत. भामरागड आणि एटापल्ली यांबाबत अडचण नाही. ‘सिरोंचा’पाशी मात्र आमचा मतभेद झाला: मौद्याला, हिंगण्याला, वर्ध्याला यांप्रमाणे ‘सिरोंच्याला’ लिहावे असे माझे म्हणणे, तर गोंदियाप्रमाणे मूळ नाव अबाधित ठेवून ‘सिरोंचाला’ असे लिहावे हे त्यांचे. तेथे राहणारी माणसे काय बोलतात आणि काय लिहितात हे विचारण्यासाठी त्यांनी त्या तालुक्यातील ओळखीच्या शिक्षकांना पत्र पाठविले आहे. उत्तर येईपर्यंत ती नोंद प्रलंबित आहे.