इटलीची रोजनिशी : आर्नोकाठ ते रावेन्ना

मंगळवार, फ्लॉरेन्स

डुओमोच्या घुमटाबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटोपते. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने तो खालून लाकडी आधार न देता उभारला. वर जाण्याच्या ४६३ पायऱ्यांचा शेवटचा टप्पा दोन कवचांच्या मधल्या पोकळीतून जातो. तिथे विटांचे थर हाताने चाचपता येतात. आडव्या विटांत मधूनमधून उभी वीट घुसवलेली, म्हणजे ओला थर घसरायला नको. वरून दिसणाऱ्या शहरापेक्षा मला त्या विटाच जास्त आवडल्या.

आजचं खरं काम कशिने उद्यानात होतं. मंगळवारी सकाळी तिथे आठवडी बाजार भरतो. ताईला त्यातून ओढून काढण्यात बराच वेळ गेला. उद्यान नदीकाठाने साडेतीन किलोमीटर लांब पसरलंय आणि आम्हाला हवं होतं ते अगदी पश्चिमेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर. गाइड लोक इकडे कोणाला आणत नाहीत.

इथे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. विलायतेहून परतताना ते फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. कॅथलिक शहरात दहन ही कल्पनेपलीकडची गोष्ट, तरी खास परवानगी मिळाली आणि याच संगमावर चिता रचली गेली. १८७४ मध्ये स्मारक झालं. अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार फुलर याचा, रंगवलेला. वरच्या छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटसाहेबांचा, त्यामुळे कमानी पाहून ताई म्हणाली, ‘‘अगं, ओळखीचं वाटतंय.’’ वाटणारच.

महाराजांनी त्या प्रवासात रोजनिशी लिहिली होती. ती १८७२ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने निघाली. मी ती निघण्यापूर्वी मुद्दाम वाचली.

शेजारून आर्नोवरचा मोठा पूल जातो. त्याचंही नाव ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

बुधवार, फाएन्झा

वेगवान गाडी सोडून मुद्दाम रीजनल गाडी घेतली. १८९३ सालचा हा लोहमार्ग अपेनाइन डोंगर ओलांडून फाएन्झाला उतरतो. बोगदे, चेस्टनटची रानं, मार्रादीसारखी चिमुकली स्टेशनं. शाळकरी मुलं चढतात, दोन स्टेशनांनी उतरतात. टस्कनी संपून रोमान्या कुठे लागलं ते जेवणावरून कळतं: दुपारी ताटात पियादिना आली. मैद्याची, चरबी घालून तव्यावर भाजलेली, आमच्या भाकरीची लांबची बहीण. चरबी नको असेल तर ऑलिव्ह तेलातली मागावी, मिळते.

फाएन्झा मातीच्या भांड्यांचं गाव. इथलं सिरॅमिक संग्रहालय १९०८ चं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत त्याची राखरांगोळी झाली आणि नंतर ते पुन्हा उभं केलं. भांडी पाहून ताई खूश, मी तासाभरात थकले.

गुरुवार, रावेन्ना

इटलीत एकच गाव पाहायचं असेल तर मी आता रावेन्नाचं नाव घेईन. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली. पुढे गॉथ राजा थिओडोरिक आला, ५४० मध्ये बायझंटाइन आले. प्रत्येकाने भिंतींवर मोझेक लावलं.

सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची समाधी बाहेरून विटांची बुटकी खोली. जमीन शतकानुशतकं खचत गेली, आणि आतली फरशी सुमारे दीड मीटर वर घ्यावी लागली, म्हणून ती आणखीच ठेंगणी वाटते. आत गेलं की बोलणं थांबतं. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरचे पातळ तुकडे, त्यातून मधासारखा उजेड, आणि वर गर्द निळ्या छतावर सोन्याच्या चांदण्या. काचेचे तुकडे मुद्दाम किंचित तिरके बसवलेत, म्हणून मान हलवली की छत चमकतं. गाल्ला स्वतः मात्र ४५० मध्ये रोमला वारली.

सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर उभे आहेत. दोघांनीही रावेन्नात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

पण माझं मन अडकलं सांत आपोल्लिनारे नुओव्होत. तिथल्या भिंतीवर थिओडोरिकचा राजवाडा आहे. सत्ता बदलल्यावर त्यातले राजा आणि दरबारी खरवडून काढले आणि त्यांच्या जागी पांढरे पडदे लावले. तरी नीट पाहा: खांबांवर अजून काही हात आहेत, माणसांविना. कारागिराला खांब पुन्हा लावायचा कंटाळा आला असेल असं ताईचं मत. मला ती खोडी वाटते.

शुक्रवार, रावेन्ना

सकाळी दान्तेची कबर. फ्लॉरेन्सने १३०२ मध्ये त्याला हद्दपार केलं, १३२१ मध्ये तो इथे वारला. पुढे फ्लॉरेन्सला अस्थी हव्याशा वाटल्या. १५१९ मध्ये पोपची परवानगी घेऊन माणसं आली तर पेटी रिकामी! फ्रान्सिस्कन साधूंनी अस्थी दडवल्या होत्या. त्या सापडल्या थेट १८६५ मध्ये. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधली दान्तेची भव्य कबर आजही रिकामी आहे. २००८ मध्ये तिथल्या नगरपालिकेने त्याची शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला, म्हणजे वरातीमागून घोडं. दर सप्टेंबरला मात्र इथल्या दिव्यासाठी तेल फ्लॉरेन्सहून येतं.

परक्या राजाला संगमावर जागा देणाऱ्या शहराने आपल्याच कवीला दारातून आत घेतलं नाही, याचा राग मला आज दिवसभर पुरला.

जाणाऱ्यांसाठी: बोलोन्याहून एका दिवसात रावेन्ना उरकू नका, मुक्काम करा. सान व्हिताले, गाल्ला प्लाचिदिया आणि सांत आपोल्लिनारे नुओव्हो एकाच तिकिटात होतात. पण गाल्लासाठी वेळ आधी नोंदवा, कारण गर्दीच्या दिवसांत आत फक्त पाच मिनिटं मिळतात. थिओडोरिकच्या समाधीचं तिकीट वेगळं. पुढच्या भागात पादोव्हा.