काळ्या पडद्याचे वाचन

'काही दिसत नाही' हे वाक्य मराठीच्या अध्यापकाला परके नाही. कवितेच्या तासाला ते दर वर्षी ऐकू येते आणि अशा वेळी, नेमके काय दिसत नाही, असे उलट विचारावे लागते. शब्द अडला, संदर्भ अडला, की कविता अजून वाचलीच नाही? हाच प्रश्न एका यंत्राला विचारण्याची पाळी गेल्या वर्षी माझ्यावर आली.

विभागाच्या जुन्या हस्तलिखित वार्षिकांची पाने ग्रंथालयाबाहेरच्या टीव्हीवर दाखवायची, अशी आमची योजना होती. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने त्यासाठी 'रास्पबेरी पाय ४' हा एटीएम कार्डाएवढा, लिनक्सवर चालणारा संगणक जोडून दिला. संध्याकाळी पाने दिसली. सकाळी पडदा काळा. असे तीनदा घडल्यावर बोर्ड तिनेच जाळला असे कार्यालयाने ठरवले आणि किंमत तिच्या अनामत रकमेतून वळती करण्याचा कागद तयार केला. त्यात कारण लिहिले होते: 'निष्काळजीपणा'. पैशापेक्षा तो शब्द तिला लागला होता. "मॅडम, बोर्ड चालू आहे हो, पण माझं कुणी ऐकतच नाही," ती म्हणाली. मी तिच्याबरोबर बसले. यंत्रातले मला कळत नाही. पण पुराव्याशिवाय केलेले विधान ओळखता येते.

पुरावे तिने एकेक करून मांडले. बोर्डावरचा लाल दिवा स्थिर होता, म्हणजे वीज पुरेशी मिळत होती; दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो दिवा विझतो. हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे मेमरी कार्ड वाचले जात होते. टीव्हीची वायर वीजजोडणीलगतच्या पहिल्या एचडीएमआय खाचेतच होती (या बोर्डाला अशा दोन खाचा असतात). मग तिने आपल्या लॅपटॉपवरून, नेटवर्कमार्गे, त्या 'मृत' संगणकात प्रवेश केला. तो व्यवस्थित उत्तरे देत होता. पडदा काळा असणे आणि यंत्र बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच सिद्ध झाले.

यापुढचा भाग मला फार रोचक वाटला. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र एकाच दिशेने जाते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चित्र जाण्याआधी पडद्याकडून संगणकाकडे काही येते. एकोणिसाव्या क्रमांकाच्या पिनेवरून पडदा 'मी आहे' असे कळवतो. नंतर संगणक त्याचा परिचय वाचतो. या परिचयाला ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा: निर्मात्याची तीन अक्षरांची खूण, निर्मितीचे वर्ष, कोणकोणत्या मापाची चित्रे झेपतील त्याची माहिती. आपल्या काव्यशास्त्राने सहृदयाची कल्पना केली, पण कोणत्याही कवीला लिहिण्याआधी सहृदयाचा असा दाखला मिळालेला नाही. यंत्राला तो मिळतो; मिळाला नाही तर ते बहुधा बोलतच नाही.

आमच्या संगणकात त्या जोडणीची स्थिती सांगणारी फाइल तिने उघडली. तीत एकच शब्द होता, त्याचा अर्थ 'जोडलेले नाही'. परिचयाची फाइल रिकामी. वायर तर डोळ्यांसमोर लावलेली! उलगडा मामांच्या दिनक्रमात सापडला. ते रोज संध्याकाळी टीव्हीचे भिंतीवरचे बटण बंद करीत. बोर्ड मात्र ग्रंथालयाच्या यूपीएसवर होता आणि पहाटे आपोआप नव्याने सुरू होई. त्या वेळी समोर कोणी नसे. पाने दाखवणारा प्रोग्राम पडदा न सापडल्याने तिथल्या तिथे थांबे. तासाभराने मामांनी टीव्ही लावला तरी तो पुन्हा उठत नसे. तिची चाचणी नेहमी टीव्ही चालू असताना झाली होती, म्हणून ती दर वेळी यशस्वी ठरली.

उपाय शोधताना पाठचिकित्सा आठवावी असा प्रकार घडला. जुन्या लेखांत सर्वत्र एकच सल्ला: कॉन्फिग फाइलमध्ये 'एचडीएमआय फोर्स हॉटप्लग' ही ओळ घाला. तिने ती आधीच घातली होती, परिणाम शून्य. पडद्याची व्यवस्था पूर्वी बोर्डाचे फर्मवेअर पाही, नव्या पद्धतीत ती लिनक्सचा गाभा स्वतः पाहतो आणि त्या ओळीकडे लक्ष देत नाही. २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून तर त्या फाइलीची जागाही बदलली. सल्ला खोटा नव्हता, तो वेगळ्या आवृत्तीवरचा भाष्यग्रंथ होता. आवृत्ती न पाहता टीप उद्धृत करणारे संशोधक आपणही पाहिले आहेत.

नवी सूचना 'सीएमडीलाइन' फाइलीत द्यावी लागते: पहिल्या एचडीएमआय जोडणीवर १९२० × १०८०, सेकंदाला ६० वेळा, आणि अखेरीस 'डी' हे अक्षर, म्हणजे कोणी उत्तर देवो न देवो, पडदा आहे असेच धर. सगळा मजकूर एकाच ओळीत हवा. मध्ये ओळ तोडली की पुढचे वाचले जात नाही. मुक्तछंदाला तिथे वाव नाही.

दुसऱ्या दिवशी मामा येण्याआधी बोर्ड सुरू झाला, आणि त्यांनी बटण दाबताच पाने आली. कार्यालयाने कागद मागे घेतला, पण 'दप्तरी दाखल' असा शेरा मारून फाइलीत ठेवून दिला. त्यावर लाल दिवा, हिरवा दिवा, रिकामी फाइल आणि बटणाची वेळ एवढे चार मुद्दे लिहून, तिची सही घेऊन, मी तो पुन्हा आवक-जावक नोंदवहीतून पाठवला. 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडावा, अशी विनंती शेवटी केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.